गाठोडं काढून ठेव

अहो, हसताय काय? आखाजीची बस कारखान्याच्या गेटात उभी, टपावर सामान बांधलेलं, बायाबापड्या आत घामानं भिजतायत, आणि एक ट्रक हलेल तर शपथ! का? तर म्हणे सर्व्हर उठत नाही. अरे उठत नाही म्हणजे? सर्व्हर आहे का रुसलेला जावई?

मी नवनाथ, मूळचा शिरपूरकडचा. सिल्वासात दोऱ्याच्या कारखान्यात माल रवाना करतो. शेवटचा ट्रक निघाल्याशिवाय मला सुट्टी नाही आणि माझ्याशिवाय बस नाही. आता तुम्हाला सांगतो, आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझ्या गुड्डीची लग्नानंतरची पहिली आखाजी! तिच्यासाठी मोरपंखी साडी घेतलेली, मळू नये म्हणून बायकोच्या जुन्या लुगड्यात बांधलेली. डोकमर्डीच्या खोलीत माझ्यासोबत कांतिभाई राहतो, आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर, वलसाडकडचा, अगदी देवमाणूस. पहाटे निघताना त्याला म्हटलं, 'कांतिभाई, ते गाठोडं काढून ठेव रे, येताना घेऊन ये.' तो म्हणाला, 'थई जशे!' झालं, मी निर्धास्त.

तर नेमका त्याच दिवशी आमच्या भगवंतसाहेबांना उत्साह! 'कांतिभाई, नवे कॉम्प्युटर आलेत, सगळे एकदम चालले पाहिजेत.' अहो, बस दारात आणि यांना सुधारणा! वापीला फोन लावला, विजया मॅडमना. ज्यांनी तो सर्व्हर बसवला त्या. मॅडम म्हणाल्या, सेटिंगच्या फाईलमध्ये एक आकडा वाढवायचा, पण आधी कॉपी काढून ठेवा, मगच हात लावा! आधी कॉपी! साहेबांनी निरोप जसाच्या तसा कांतिभाईला दिला... आणि दहा मिनिटांत सर्व्हर आडवा. गेटपास आता कॉम्प्युटरच छापणार, हातानं लिहिलेला साहेबांनीच बंद केलेला, त्यामुळे ट्रक जागच्या जागी.

मग मॅडम जीपनं आल्या. कॉम्प्युटरची खोली म्हणजे आमचं देवघर, चपला बाहेर. मॅडमनीही काढल्या, पदर खोचला आणि पहिलं काय केलं? काहीच नाही! नुसत्या बघत बसल्या. मी मनात म्हटलं, बाई, माझी पोर वाट बघतेय गं! साहेब म्हणाले, 'बंद करून चालू करू या का?' मॅडम म्हणाल्या, 'तुम्ही आधी चहा घेऊन या.' कारखान्यात साहेबांना चहाला पाठवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं हो!

आता गंमत ऐका. त्या नावाची फाईल चार ठिकाणी! जुनी, चाचणीची, कुणीतरी उगाच ठेवलेली, आणि खरी. खरी कुठली? कांतिभाईनं चारही बदललेल्या. 'कोईक तो लागशे!' म्हणे, एखादी तरी लागेलच! मॅडम हसल्या. म्हणाल्या, 'नावावर जाऊ नका. सर्व्हर चालू करताना त्याला कुठली फाईल दाखवतात, ते त्या कमांडीतच लिहिलेलं असतं.' सापडली! मी म्हटलं, चला, बदला पटकन. छे! आधी कॉपी! बिघडलेल्या फाईलची सुद्धा! 'अहो मॅडम, नासक्या दुधाला झाकण कशाला?' तर म्हणतात, 'माझं चुकलं तर निदान इथपर्यंत तरी परत येता येईल.' काय बाई आहे!

मग विचारलं, 'कांतिभाई, सकाळची कॉपी कुठाय?'

कांतिभाई छाती काढून म्हणाला, 'बेन, जूनी कॉपी हती ने, ए तो में काढी नाखी! साहेबे ज कह्युं, कॉपी काढो!'

काढून ठेव म्हटलं, यानं काढून टाकली! त्याच्या गुजरातीत काढणं म्हणजे टाकणंच! साहेब ओरडायला तोंड उघडणार, तर मॅडमच म्हणाल्या, 'चूक माझी. सिल्वासात निरोप देताना दोन्ही भाषांत द्यायला हवा होता.' मला तर तिथंच पाया पडावंसं वाटलं. एवढा हुद्दा, आणि चूक माझी म्हणते!

मग मूळ आकडा आणायचा कुठून? तर हा सर्व्हर उठताना दर वेळी आपले आकडे बडबडतो आणि ते साठत राहतं, आमच्या म्हातारीच्या गाऱ्हाण्यासारखं. त्यात कालचा आकडा मिळाला. कांतिभाईनं त्याला एक शून्य जास्त लावलेलं! मॅडमनी तेवढंच काढलं, दुसऱ्या ओळीला बोट लावलं नाही. वाढवणं सणानंतर, म्हणाल्या. चालू केला... आणि प्रिंटर टर्रर्र! गेटपास! गेटातला ड्रायव्हर तर 'विजयाबाईंचा विजय असो' म्हणून ओरडला. मी सगळ्यात मोठ्यांदा.

शेवटचा ट्रक निघाला, मी बसमध्ये चढलो, हसतोय आपला, काढून ठेव, काढी नाख... अरे, सकाळी मी पण तेच म्हटलेलं! खिडकीतून ओरडलो, 'कांतिभाई, माझं गाठोडं?'

'ए तो सवारे ज काढी नाख्युं! वासणवाळीने आप्युं. जुवो, केवो सरस डबो मळ्यो!' जुनं लुगडं समजून साडीसकट बोहारणीला दिलं, आणि खिडकीतून माझ्या हातात स्टीलचा डबा.

चिडू तरी कुणावर? त्या बाईनं एवढ्या मोठ्या सर्व्हरपायी आवाज चढवला नाही, मी साडीपायी चढवू?

गावी पोचलो. गुड्डी झोक्यावरून उतरून पळत आली. 'बाबा, मनी साडी?' म्हणजे माझी साडी कुठंय.

म्हटलं, 'काढून ठेवलीय बेटा... फक्त गुजरातीत!'