पंधरा दात्यांचं चाक

निलंग्याच्या बसस्थानकातल्या चढावर विशाखाच्या रिमोटच्या गाडीनं एसटीला हरवलं. पण ते अजून कुणालाच माहीत नाही असं धरून चालू. लातूरच्या शर्यतीला निघालेली विशाखा बाकावर बसली आहे, आणि धाकटा भाऊ धम्मानंद गाडी उघडून बसला आहे.

"ताई, मोठं चाक साठ दात्यांचं. मोटरवर बाराचं लावलं तर मोटरचे पाच फेरे, तवा ह्याचा एक."

"लई हळू. वीसचं लाव. तिनाला एक."

"मग जोर जाईल की! मागल्या साली चढावरच बसली होती."

"पंधराचं लाव. चाराला एक."

"चढंल?"

"समोर चढ हाय. सोड."

"एसटी निघून राहिली, ताई!"

"तिच्यासंगंच सोड!"

"चढली! ताई, एसटीच्या पुढं गेली!"

"हाव रे! जिंकलो!"

"ताई... बसवर लातूर लिहिलंय."

"आपलीच?"

"हाव. पुढची बस शर्यत संपल्यावर हाय."

विशाखा रिमोटसकट चौकशीच्या खिडकीशी गेली.

"साहेब, सदर बस शर्यतीत हरली असून निकाल न ऐकताच निघून गेली आहे. तरी तिला निकालासाठी तातडीनं परत बोलवावं, ही नम्र विनंती."