समोरच्याची पानं

मुलगा : दार उघडा, बाबा.

बाबा : कपडे बदलतोय.

मुलगा : बदला, पण पाळी काकडीची आहे आणि घड्याळ चालू आहे.

बाबा : कोण काकडी?

मुलगा : मघाशी आईने इस्त्री लावायला राउटरची वायर काढली. त्याच क्षणी माझ्या फोनवर, पोकरच्या टेबलावर काकडीचं नाव करडं झालं. संपर्क तुटला. मला शंका आली म्हणून आत्ता मी स्वतः जाऊन वायर काढली. काकडी पुन्हा गेली. वायर लावली, आली. या घरात पोकर कोण खेळतं? आई?

आई : मला मध्ये घेऊ नकोस. मी तुझ्या उद्याच्या कॉलरशी झगडतेय.

मुलगा : माझ्या खोलीत वायफाय पोचत नाही, माझा फोन सिमवर चालतो. म्हणून दोघं एकाच घरातून खेळतायत हे साइटला कळलं नाही. मलाही नाही.

बाबा : दार उघडंच आहे. ढकल.

(खोलीत पलंगावर टॅबलेट आहे. त्यावर घाईने टाकलेला टॉवेल. आईही मागोमाग येते.)

मुलगा : टॉवेल काढा. कधीपासून चाललंय?

बाबा : तू जेवायला बाहेर येईनासा झालास तेव्हापासून. दुकान बंद करून घरी आलो की तुझ्या खोलीतून एकच आवाज यायचा, पत्ते वाटल्याचा. आत यायचं धाडस होईना. म्हटलं, तिथे तरी जवळ बसू.

आई : अहो, मला तर तुम्ही म्हणायचात, चष्म्याच्या फ्रेमच्या नव्या डिझाइन बघतोय.

बाबा : त्याही बघतो. स्पर्धेची फी एका चहाएवढी असते गं.

आई : फीचं कोण बोलतंय?

मुलगा : मंगळवारी मी शेवटच्या पानावर सगळ्या चिप्स पणाला लावल्या, आत लोटल्या. हातात काहीच नव्हतं, निव्वळ ब्लफ. काकडीने खूप वेळ घेतला आणि पानं टाकून डाव सोडला. काय होतं तुमच्याकडे?

बाबा : आता कुठे आठवणार.

मुलगा : गिऱ्हाइकाचा जुना नंबर तुम्हाला तोंडपाठ असतो.

बाबा : राजांची जोडी.

मुलगा : आणि टेबलावर?

बाबा : तिसरा राजा.

मुलगा : तीन राजे टाकून दिलेत.

बाबा : तू त्या दिवशी कितीतरी दिवसांनी दाढी केली होतीस.

मुलगा : त्या डावातून मी काय शिकलो माहितीय? समोरचा वेळ घेतो तेव्हा तो कच्चा असतो, जोरात ढकललं की पडतो. प्रत्येक स्पर्धेनंतर मी बसून हेच घोकलं. बाबा, दुकानात गिऱ्हाईक चुकीचं अक्षर वाचतं तेव्हा तुम्ही 'बरोबर' म्हणता?

बाबा : नाही.

मुलगा : का?

बाबा : चुकीचा नंबर लागेल.

मुलगा : मग मला का लावलात?

आई : द्या ना उत्तर.

बाबा : तू डोळे मिटूनच पडला होतास. नंबराचं पुढे बघू म्हटलं.

मुलगा : पुढे म्हणजे उद्या. उद्या बॅगांच्या कारखान्यात रुजू व्हायचंय, पुन्हा खरेदी विभागातच. समोर पुरवठादार बसणार, आणि तो खरं बोलतोय की थापा मारतोय ते मी ओळखायचं. गेल्या वेळी त्या चेनवाल्यावर विश्वास ठेवला आणि गोदामभर बॅगा उघड्या तोंडाने परत आल्या. या नोकरीला हो म्हटलं ते या खेळाच्या जोरावर. वाटलं, मला माणसं पुन्हा ओळखता येतायत.

बाबा : येतातच. प्रत्येक टेबलावर मी नव्हतो.

मुलगा : कुठे होता आणि कुठे नव्हता, मला कसं कळणार? काकडीच्या आधी कोण होतात?

बाबा : भोपळा. पासवर्ड विसरलो.

मुलगा : भोपळ्याला हरवून मी खोलीत नाचलो होतो.

बाबा : ऐकू आलं होतं.

मुलगा : आणि टेबलावरचा तो तिसरा, पेंग्विन? आत्ताच तुम्ही त्याला बाहेर काढलंत. त्याच्याशी जीव खाऊन खेळलात, माझ्यापुढे नांगी टाकलीत. तो बिचारा एका घराशी खेळत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. याला लबाडी म्हणतात. मी साइटला कळवणार. बक्षीस त्याला जाऊ दे, आपली खाती बंद होऊ देत.

बाबा : तुझं कशाला? चूक माझी.

मुलगा : घर एकच आहे.

आई : अहो, ते घड्याळ लाल झालं आणि तुमची पानं गेली बघा.

मुलगा : नवीन पानं वाटली जातायत. आता आपण दोघंच उरलोय, बाबा. हा डाव खरा खेळा.

बाबा : आणि तू हरलास तर उद्या जाणार नाहीस.

मुलगा : खोटं खेळलात तर नक्की जाणार नाही.

बाबा : तू हट्टाला पेटलायस.

मुलगा : वेळ चाललाय.

बाबा : घे. सगळं आत.

मुलगा : सगळं?

बाबा : चिप्स माझ्याकडे जास्त आहेत. हरलास तर खेळ संपला. नीट विचार...

मुलगा : बोलू नका. मदत नकोय.

आई : हा असा काय टक लावून बघतोय तुमच्याकडे?

मुलगा : चष्मा पुसताय तुम्ही. माझी नोकरी गेली तेव्हा 'काही बिघडत नाही' म्हणालात, तेव्हाही पुसत होतात. खोटं बोलताना पुसता. तुमच्याकडे काही नाही.

बाबा : पाळी तुझी आहे.

मुलगा : कॉल, माझंही सगळं आत. माझी पानं गुलाम-अठ्ठी.

बाबा : राण्यांची जोडी.

मुलगा : टेबलावर अजून पाच पानं यायचीत.

आई : आली का?

बाबा : आली. त्याच्या कामाचं एकही नाही.

मुलगा : मग चष्मा?

बाबा : घाम आला होता. काच धुरकटली.

मुलगा : चुकलो.

बाबा : हो. चुकलास.

आई : अहो, जरा हळू.

मुलगा : बोलू दे, आई. कुठे चुकलो?

बाबा : चेहरा बघत बसलास. आज संध्याकाळी मी दुसऱ्यांपुढे जेव्हा जेव्हा सगळं आत लोटलं, तेव्हा पानं उघडल्यावर जोडीच निघाली. पेंग्विनच्या वेळीसुद्धा. ते सगळं तुझ्यासमोर घडलं. तेवढं बघितलं असतंस तर गुलाम-अठ्ठी टाकली असतीस.

मुलगा : चेनवाल्याचाही मी चेहराच बघितला. चेन ओढून बघितलीच नाही.

आई : उद्याचं काय ते सांग आधी.

मुलगा : जाणार. बाबा, जरा सरका. आणखी कुठे कुठे चुकलो ते सांगा.