दहा मिनिटांत येणारी तीन माणसं

हॅलो? … हॅलो, कालिंदी? … अगं हो, मीच. निर्मलाच बोलतेय. … नाही, पडले नाही. … नाही गं, घरात कुणी शिरलेलं नाही. … तू आधी श्वास घे. श्वास घे, मी जिवंत आहे.

… हो, आला असेल तुला मेसेज. ‘मी संकटात आहे, हे माझं ठिकाण.’ म्हणजे मी नाही पाठवला, त्या अ‍ॅपनं पाठवला. … अगं ऐक ना. सुश्रुतनं घालून दिलंय मोबाइलमध्ये. परवा वादळ येणार म्हणतायत ना, त्याची तयारी करवून घेतं ते. पाणी साठवा, औषधं एका पिशवीत ठेवा, कागदपत्रांचे फोटो काढा. एकेक झालं की हिरवी खूण येते. सकाळपासून सगळ्या खुणा मिळवल्या मी. शेवटी एक तांबडं बटण राहिलं होतं, ‘तपासून पाहा’ म्हणून. पाहिलं तपासून.

… हो, फोन तीनदा केलास, दिसतंय इथे. पाणी भरत होते मी, मोबाइल आतल्या खोलीत. … चुकलं बाई.

… तुलाच का म्हणजे? तीन माणसं द्यावी लागतात त्यात. हाक मारली तर दहा मिनिटांत दारात येतील अशी. सुश्रुतची अट आहे ती. मार्चमध्ये मोरीत पाय घसरला ना, तेव्हापासून मागे लागलाय. तीन माणसं दाखव, नाहीतर पुण्याला माझ्याकडे चल. … मग दिली तीन. पहिलं नाव तुझं.

… ठाऊक आहे मला तू नागपूरला असतेस. चौदा वर्षं झाली. … दुसरे दिलीपराव. … हो, भोपाळला. … तिसरी गौरी. … बंगळुरूला, मुलीकडे. … हास. हसून घे.

… अगं, त्या अ‍ॅपला नाव लागतं आणि नंबर लागतो. गाव विचारत नाही ते. आणि सुश्रुतही नाही विचारत. अठराव्या वर्षी गेला तो इथून. त्याच्या डोक्यात तू अजून इथे कोलकात्यात, बागबाजारात समोरच्या घरात राहतेस आणि दिलीपकाका कोपऱ्यावर सिगारेट ओढतायत. … सांगितलं होतं ना, कालिंदीमावशीची बदली झाली म्हणून. ‘हं’ म्हणाला. परीक्षा होती त्याची. त्या ‘हं’वर मी चौदा वर्षं काढली.

… नाही, खोटं कुठं बोलले? यादी वाचून दाखवली फक्त. तो म्हणाला, वा, सगळी आपलीच माणसं.

आणि चाचणी छान झाली बघ. तू घाबरलीस, दिलीपरावांनी अंगठा पाठवला, गौरीनं अजून पाहिलेलंच नाही. … दिलीपरावांचं काय नवल. हा माणूस इथे असताना एकदाच वेळेवर आला, तोही स्वतःच्या निरोप समारंभाला. त्यातसुद्धा श्रीखंड आहे म्हणून.

… काय? … सुश्रुतला? … केव्हा केलास फोन? … अगं माझे बाई. … काय सांगितलंस त्याला? … ‘मी नागपूरहून काय करू’ असं म्हणालीस? या शब्दांत? … झालं.

… नाही, तुझा काय दोष. थांब, त्याचाच मेसेज आलाय वाटतं. चष्मा… हं. ‘आई, तू ठीक आहेस ना? मीटिंगमध्ये आहे. पाच वाजता फोन करतो. तेव्हा कोलकात्यातली खरी तीन नावं सांग. नाहीतर रविवारी न्यायला येतो.’ … ‘खरी’ असं लिहिलंय.

… साडेचार झाले.

… ‘जा मग पुण्याला’ म्हणणं सोपं आहे. तिथे काय करू? इथे भाजीवाला मला बघितलं की मासेवाल्याला हातगाडी पुढे घ्यायला लावतो, मला वास नको म्हणून. चौतीस वर्षांत मिळवलेली इज्जत आहे ती. … हो, हो… आणि हे इथेच गेले ना. तीनदा बँकेतली बढती नाकारली यांनी, बदली नको म्हणून. शेवटपर्यंत मात्र मला सांगायचे, चांगली क्रोकरी काढू नकोस, जूनमध्ये बदलीची ऑर्डर येईल. खोक्यातच आहे अजून. वर वर्तमानपत्र घातलेलं.

… तुला आठवतो का तो खण? … अगं, तोच. हिरवा, लाल काठाचा. … आधी गमछा ठरला होता आपला. मला गरज पडली की मी गॅलरीत लाल गमछा टाकायचा. आणि मग लक्षात आलं की या गल्लीत रोज चाळीस गमछे वाळतात. सात वेळा धावत आलीस. एकदा तर हातात लाटणं. … म्हणून मग खण. खण वाळत घालणारं दुसरं घर नव्हतं इथे.

… तो पाऊस कसा विसरेन. सुश्रुतचा ताप उतरेना, फोन बंद पडलेले, हे एस्प्लनेडला अडकलेले, खाली गुडघाभर पाणी. खण टाकला आणि घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं. साडी खोचून, डोक्यावर औषधाचा डबा, आणि काखेत पिठल्याचं पातेलं. … आधी पातेलं ठेवलंस, मग त्याच्या कपाळाला हात लावलास. मी पाहिलंय. … आणि वर म्हणालीस, इथल्या लोकांनी मराठ्यांना अडवायला खंदक खणला होता, तो आज भरलाय. मी रडत होते आणि हसले.

… हो. … हं. … तसं कुणी आलं नाही नंतर.

… कोण आहे म्हणजे? अनुजा आहे महाराष्ट्र मंडळातली, गुणी मुलगी, पण न्यू टाउनला. दीड तास, आणि वादळात झाड पडलं की संपलंच. … कोपऱ्यावरचा औषधवाला आहे. त्याचा नंबर बिलावर असतो. … हो, येईल तो, का नाही? परवा शुगरच्या गोळ्या विसरले तर स्वतः जिना चढून आला. … बरं, एक झाला. लिहिते.

… खालच्या मजल्यावरच्या बौदी? … नको गं. … भांडण नाही. कधीच नाही झालं. भांडायला तरी ओळख लागते.

… सव्वीस वर्षं, ठाऊक आहे. सरस्वतीपूजेला खिचडी येते त्यांची, संक्रांतीला माझा तिळगूळ जातो. पण नाव नाही ठाऊक मला त्यांचं. … खरंच सांगते. दारावर पालबाबूंची पाटी, माझ्या दारावर यांची. त्या बौदी, मी बौदी; दोघी नुसत्या वहिनी. नंबर कशाला हवा, जिन्यातून हाक मारली की झालं. … तेच तर. आपण बदलीची माणसं ना. तीन वर्षांसाठी कशाला नावं विचारायची. अशी तीन-तीन वर्षं करत…

… आत्ता? … तू धरून ठेवणार आहेस का फोन? … बरं. बरं, जाते. चप्पल घालू दे. … उतरतेय, हळूच उतरतेय, कठडा धरलाय. … काय सांगू त्यांना? वादळ येतंय आणि मला तुमचं नाव हवंय? … तू गप्प बस आता, बेल वाजवली.

… बौदी, एकटा कथा छिलो. … ना ना, शोरीर भालो. … ओई झडेर जोन्नो. आपनार फोन नंबरटा देबेन? … आर… आपनार नामटा?

… हॅलो, आहेस ना? नंबर मागितला, नावही विचारलं. हसतायत त्या. अलोका. अलोका पाल. … हो, माझंही विचारलं. सांगितलं. निर्मला. … दोनदा म्हणून बघितलं त्यांनी. … आता आत गेल्यात, सुनेला बोलावतायत. सून घरूनच काम करते म्हणे, दिवसभर असते. तिचाही घ्या म्हणाल्या. … म्हणजे झाली ना तीन. औषधवाला, अलोकाबौदी, सून.

… थांब, काहीतरी आणलंय त्यांनी. जुनी डायरी आहे. … कालिंदी. … यात माझा नंबर आहे. खाली लिहिलंय, ‘ऊपरेर मराठी बौदी, एका थाकले देखबेन.’ म्हणजे एकटी असली तर लक्ष ठेवा. … हे अक्षर बंगाली आहे, पण… त्या म्हणतायत समोरच्या मराठी बाईनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. जायच्या आदल्या दिवशी.

… तू?

… बोलली नाहीस कधी. … म्हणजे चार्ज देऊन गेलीस. बँकेतल्यासारखा. आणि मला वाटायचं या बाईला कसं कळतं, मी दोन दिवस खाली उतरले नाही की वाटीत काहीतरी घेऊन वर येते. … हो, हो… मला वाटलं शेजारधर्म. … नाही गं, रडत नाही. जिन्यात उभी आहे, त्या बघतायत.

… चाललेय वर. पावणेपाच झाले. … हो, आता नावं बदलते. दिलीपरावांचं काढेन, गौरीचं काढेन, त्याचं काही नाही. … तुझंही काढावं लागेल. चौथी जागा नाही त्यात. … मला माहितीय, तूच ‘काढ’ म्हणतेस. सोपं आहे तुला.

… बरं, एक विचारू? नागपूरला तुझ्या शेजारी कोण राहतं गं? … ‘आहेत कुणीतरी’ म्हणजे? … तुझ्या मनोहररावांचं सांगू नकोस. ते घरातच असतात आणि त्यांना बेल ऐकू येत नाही. तुला काही झालं तर दहा मिनिटांत कोण येईल? … कुणाचं नाव?

… माझं नाव नको देऊस. मला अठरा तास लागतील, तेही गाडी वेळेवर असेल तर.

… नाही, हसण्यावारी नको नेऊस. ऊठ. … आत्ताच. मी उतरले ना जिना या गुडघ्यांनी? तुझं तर समोर दार आहे. … मी आहे फोनवर, कुठे जात नाही. … चप्पल घाल. … हं.

… हा सुश्रुतचा येतोय मध्ये. आधीच करतोय, पाच कुठे वाजलेत. … वाजू दे त्याला. तू बेल दाब.

… दाबलीस? … ऐकू आलं. … उघडलं का? … हं. आधी नाव विचार.