लिस्बनहून वॉर्साला चटणी

व्हय व्हय, कळलं की अक्का — तुझं लेकरू चार तास विमानात, उतरल्यावर अजून बस, अन् एवढं करून पिशवी हाय तशी माघारी लिस्बनला. बस तू, उभ्या उभ्या कामून बोलायलीस? चा ठेवलाय. आता तुझ्यापाशी काय लपवायचं, भागम्मा अक्का — मला वाटलं, तुझा सिद्धराम लिस्बनला शिकायला जायलाय, आमचा व्यंकट वॉर्साला नोकरीला, दोन्ही युरोपातच की. आपल्या कमलनगरातनं कसं, जीपमधी बसलं की घटकाभरात उदगीर — राज्य बदलतंय, भाकर तीच. तसंच असंल म्हणलं. अन् गावचं कुणी त्या बाजूला निघालं की आपण पिशवी देतोच का न्हाई? तू बी दिलीस की माझ्या भाच्यासंगं, पुण्याला. शेंगाची चटणी अन् कडक भाकरी, त्यात असं काय वजन व्हतं?

न्हाई, वजनाचं न्हाई म्हणायलीस तू. लेकराची सुट्टी गेली, व्हय, बरोबर हाय तुझं. पण व्यंकट न्यायला आला न्हाई म्हंजे त्याला ड्युटी असंल. लई काम असतंय गं, दर ऐतवारी फोनवर सांगतो की — आई, जेवायला टाईम मिळंना. आता दर ऐतवारी म्हंजे… मधी एखादा चुकतो. अन् लांब तर हायच ते, बहिणीचा सोनू म्हणला बी व्हता मोबाईलात नकाशा दावून, मावशी, हे लिस्बन, हे वॉर्सा, पावणेतीन हजार किलोमीटर, इथनं दिल्लीला जाऊन माघारी यावं तेवढं, कशाला त्या पोराला —

हां. दावला व्हता. पिशवी द्यायच्या आधीच दावला व्हता. असं बघू नको अक्का.

ठाऊक असून मी तुझ्या लेकराला म्हणलं, बाजूलाच हाय रे, देऊन ये. अन् त्यो गुणाचा, मोठ्या माणसाचा शब्द मोडंना. लाज वाटायली मला, तुझ्या तोंडाकडं बघवंना. चटणीचं निमित्त गं नुसतं. तिथं काय खायला मिळत नसंल व्हय? आपल्यातल्या कुणीतरी त्याला डोळ्यानं बघावं, बरा हाय का, वाळला का, एवढंच. गल्लीत सगळ्या इचारत्यात, सावित्रीबाई, लेकाचा फोन येतो का — मी म्हणते, येतो की. दुसरं काय सांगू? उगादीपास्नं, पाडव्यापास्नं म्हण, फोन उचलंना झालाय त्यो. मी करते, वाजत राहतंय…

काय म्हणलीस? भेटला? दारातच? मग पिशवी कामून घेतली न्हाई? — गडबडीत व्हता. बरं. गडबड असंल की. वाळला न्हाई ना? हसला? खरंच हसला? अन् माझं काय — इचारलं? काय इचारलं गं, नीट सांग, त्यो म्हणला तसंच सांग. “आईचा गुडघा कसा हाय”?

अक्का, गुडघा आत्ता दिवाळीपास्नं धरलाय माझा, अन् त्याचा फोन उगादीपास्नं बंद. त्याला कुणी सांगितलं?

न्हाई, तू खाली बघू नको. तुझं काय चुकलं त्यात? सिद्धराम त्या दारापातुर तरी गेला, त्याला म्हणावं, चटणी तूच खा. मऊ भातासंगं बरी लागती.

जा तू आता. चा राहू दे. जाताना दार तेवढं ओढून घे, अक्का.