हिरोची मशीन

फ्रीज नाय म्हणलं तो! किती जणांना सांगायचं? आमच्या अख्ख्या एन-सात कॉलनीत एक माणूस असा नाय की ज्यानं विचारलं नाय, 'काय बद्रीनाथराव, आडवा फ्रीज घेतला का?' आडवा फ्रीज असतो का कुठं? आणि समोरचे कारभारीकाका, त्यांनी तर कमालच केली... चार हमाल, गोणपाटात गुंडाळलेली माणसाएवढी लांब पेटी, माझ्या दारात, एवढं त्यांनी गॅलरीतनं बघितलं आणि खाली पळत आले, पायात चप्पल नाय, आणि मी समोर उभा दिसल्यावर म्हणतात कसे, 'आँ? तुम्ही हायेत का?' अहो, घरात राहणारा मी एकटा, पेटी आत चाललीय, बाहेर नाय, एवढं तरी बघायचं का नाय माणसानं? हाय म्हणलं, अजून हाय. आता एका रिटायर माणसानं हौसेनं एक वस्तू घरी आणली, यात माझं काय चुकलं, तेवढं सांगा.

पिनबॉल म्हणतात त्याला. तुम्ही जत्रेत ती खिळ्यांची पाटी बघितली असंल, गोळी सोडायची, खिळ्याखिळ्यातनं टणटण करत खाली येती... तिचाच हा थोरला भाऊ. पलंगाएवढं तिरकं टेबल, वर काच, आत दिवे, घंट्या, आणि एक लोखंडी गोळी. दांडी ओढून सोडली की गोळी सुसाट वर जाती, आपटत धडपडत खाली येती, खाली दोन पंजे बसवलेत, ते बटनं दाबून हाणायचे आणि गोळीला पुन्हा वर पाठवायचं. खाली पडू द्यायची नाय. बस, एवढाच खेळ हाय.

आणि तुम्हाला सांगतो, मी घ्यायला गेलोच नव्हतो, विकायला गेलो होतो. प्रणयची आई गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. प्रणय म्हणजे आमचा मुलगा, पुण्याला कंपूटरमधी हाय, सूनबाई ज्ञानेश्वरी, तीबी कंपूटरमधी, दोघंबी एका सुरात म्हणले, 'पप्पा, घरातलं जुनं सामान काढून टाका, मोकळं मोकळं वाटंल.' मोकळं? तीन खोल्यांत एक माणूस, अजून किती मोकळं करायचं? पण ऐकलं. लेकराचं ऐकावं. तिची शिलाई मशीन रिक्षात घातली आणि चेलीपुऱ्यात इलियासभाई भंगारवाल्याकडं गेलो. त्यानं मशीन बघितली, हँडल फिरवून बघितलं, आणि मला म्हणला, 'बद्रीभाई, दिल से बेच रै या किसीके बोलनेसे?' आता असं कोणी विचारतं का गिऱ्हाइकाला? मी उगं इकडं तिकडं बघायलो, आणि बघता बघता कोपऱ्यात ही दिसली. वर कोंबड्यांचं खुराडं ठेवलेलं.

मी म्हणलं, हे काय? झालं. इलियासभाईनं बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. 'ये मशीन नै है बद्रीभाई, तारीख है तारीख, हिस्ट्री! स्टेशन रोडपे वो बडा हॉटेल था, मालूम? दौलताबाद के किले में शूटिंग थी, हीरो उधरच ठैरा था. कौनसा हीरो, मेरेकू नक्को पूछो... वोईच! रात रात भर इसपे खेलता था, सुबू शूटिंगकू जाताच नै था, डायरेक्टर बिचारा रोता था. ये देखो, जले का निशान. उसकी सिगरेट का है, हौ.' आणि मला लाकडावरचा एक काळा डाग दाखवला.

आता ऐका. मी तीस वर्षं वाळूजला कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो. तो डाग सिगरेटचा नव्हता. कोणीतरी रिपेर करताना तापलेलं सोल्डरिंग टेकवलं होतं, बघताक्षणी कळलं मला. तरी बोललो नाय. खोटं हाय हे माहीत असून घेतली. का? कारण हिरो म्हणलं की माणसं बघायला येतात. बद्रीनाथ म्हणलं की येत नायत. घरात माणसं यावीत, जोरात बोलावीत, कपबश्या कमी पडाव्यात, एवढंच पाहिजे होतं मला, दुसरं काय नाय. आणि शिलाई मशीन काय विकवली नाय. गेलो एक मशीन विकायला, आलो दोन घेऊन. यात माझं काय चुकलं?

मग रिपेरिंग. तुम्हाला वाटंल आत कंपूटर असंल. तसलं काय नाय. मागचं झाकण उघडलं तर आत निसती वायर, कॉइली, रिले, पितळी पत्र्या, आणि मधोमध एक उंदरीण, पाच पिल्लांसकट. भरलेलं घर होतं बिचारीचं, माझ्यापेक्षा. तिला हलवायचं माझ्या जिवावर आलं, पण काय करता. कॉइली जळालेल्या होत्या, त्या मी स्वतः भरल्या, एकेक वेढा मोजून. पत्र्या कानशीनं घासल्या. रबराच्या रिंगा परदेशातनं मागवाव्या लागतात म्हणे... मी सायकलची ट्यूब कापली, चालतंय की. राहिली गोळी. ती रामकिसननं दिली. रामकिसन माझा कंपनीतला जोडीदार, त्याचं आता बेरिंगचं दुकान हाय. गोळी हातात दिली आणि म्हणतो, 'बद्री, लोकं ह्या वयात जपमाळ ओढतात, तू गोट्या खेळायलास.' म्हणलं ये की खेळायला. 'येतो ना, येतो. फक्त हे गुडघ्याचं एकदा मार्गी लागू दे.' गुडघा काय मार्गी लागंना. पाच महिने मी एकटा, सकाळचं एक जेवण, संध्याकाळी सकाळचंच, आणि दिवसभर त्या पेटीत डोकं.

आणि एका दुपारी, जोडायचं सगळं जोडून झालं, बटन दाबलं, गोळी सोडली, आणि घंटी वाजली. टिंग... एकदाच. नंतर धडाधड वाजायला लागली, दिवे काय, आकडे काय... पण ती पहिली टिंग. तुम्ही हसाल. अडीच वर्षांत त्या घरात माझ्याबिगर कोणी आवाज केला नव्हता हो. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो. सांगायला लाज कशाची.

मग मी बातमी सोडली. हिरोची मशीन, हिरोची मशीन! आणि माणसं आली बरं का, आली नायत असं नाय. कारभारीकाका आले, डाग बघितला आणि म्हणले, 'हा तो हिरो नव्हे, तो सिगरेट ओढतच नव्हता, हा दुसरा, ढिश्यूम ढिश्यूमवाला.' वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणल्या हिरो नव्हताच, हिरोईन होती. दोघांचं माझ्या घरात, माझ्या चहावर, तासभर भांडण. मी खूश. पण खेळा म्हणलं की? बाई म्हणल्या, 'नको नको, दूध उतू जाईल.' कारभारीकाका म्हणले, 'हिरोनं हात लावलेली वस्तू, आपण कशाला खराब करा?' मग ती राजनंदिनी आली, यूट्यूबवर चॅनल चालवती ती, मोबाइल काठीला लावून, दारातनंच सुरू, 'तर मित्रांनो, आज आपण अशा ठिकाणी आलो आहोत...' तिनं मशीन दाखवली, डाग दाखवला, डागाचं बोट लावून दर्शन घेतलं, मला म्हणली, 'काका, जरा फ्रेमच्या बाहेर उभे राहता का?' माझ्याच घरात. राहिलो बाहेर. मग पंधरा दिवस लोकं यायची, डागावर बोट ठेवायची, फोटो काढायची आणि जायची. हिरो असताच तर त्याच्यासंगं तरी एक डाव खेळलं असतं का कोणी? चहाबी घेईनात. मी कपबश्या नव्या आणल्या होत्या हो, डझनभर. यात तरी माझं काय चुकलं?

तरी मी आशा सोडली नाय. म्हणलं दसरा येतोय. दसऱ्याला माणूस माणसाकडं जातंच, सोनं द्यायला. प्रणयबी म्हणला होता, 'पप्पा, दसऱ्याला नक्की, दोघंबी येतो.' नक्की म्हणला होता. मग आदल्या दिवशी खंडेनवमीला मी मशीनची पूजा मांडली. कंपनीत तीस वर्षं तेच केलंय, खंडेनवमीला प्रत्येक मशीनला हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी मशीनवर शिंपडायचं. हात आपोआप चालतो. फक्त कंपनीत त्या दिवशी मेन स्विच बंद असायचा. तो बंद करायचं काम कोणाचं? माझं. तीस वर्षांत एकदा चुकलो नाय, आणि घरी प्लग तसाच! दांडीच्या फटीतनं पाणी आत, चर्रर्र आवाज, निळा जाळ, घरात अंधार. कारभारीकाका गॅलरीतनं ओरडले, 'हायेत का?' हाय म्हणलं.

बरं, हे मात्र माझंच चुकलं, कबूल. फ्यूज बदलला, टेबलफॅन लावून सगळं वाळवलं, सकाळी मशीन सुरू. पण एक खोड राहिली. त्या मशीनवर चारजणांना खेळता येतं. समोर आकड्यांच्या चार खिडक्या, बटन एकदा दाबलं की एकाचा डाव, दोनदा दाबलं की दोघांचा, असं. पाण्यानं आतल्या दोन पत्र्या चिकटल्या आणि मशीन चारावर अडकली. आता तुम्ही कितीबी दाबा, ती चौघांचाच डाव लावती. तुमची गोळी पडली की दुसऱ्याचा दिवा लागतो, आणि तो खेळल्याबिगर ती पुढं जातच नाय. निसती थांबती. मी म्हणलं असू दे, आज माणसं येणारच हायेत, बरंच झालं.

दसरा. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, दार सताड उघडं ठेवून मी बसलो. मोबाइल वाजायला लागला. सोनं यायलं. आपट्याच्या पानाचा फोटो, चमचम करणारा, 'सोन्यासारख्या माणसांना'. रामकिसनचं आलं. कारभारीकाकांचं आलं, समोरच्या गॅलरीतनं, मी इथं दारात बसलेलो त्यांना दिसायलो की. शंभरावर लोकांनी सोनं दिलं मला, दारात एकानं पाऊल टाकलं नाय. चार वाजता प्रणयचा फोन. 'पप्पा, अहो अचानक काम निघालं ऑफिसचं. ज्ञानेश्वरीचीबी मीटिंग हाय. दिवाळीला बघतो ना.' म्हणलं असू दे रे, कामं आधी. 'आणि पप्पा, त्या मशीनचा व्हिडिओ पाठवा ना.' पाठवतो म्हणलं. ओरडायचं होतं मला. म्हणायचं होतं, अरे व्हिडिओ काय बघतोस, मला बघ की. पण लेकराला असं म्हणता येत नाय.

फोन ठेवला आणि उगं काहीतरी करायचं म्हणून मशीन लावली. माझी गोळी सोडली, टिंग टिंग, पडली. दुसऱ्याचा दिवा लागला. मशीन थांबली. मीबी थांबलो. ती काय पुढं जाईना. शेवटी म्हणलं, चल प्रणय, तुझा डाव. आणि प्रणयसारखा खेळलो, एका हातानं, कानाला मोबाइल... 'हो पप्पा, हो, बघतो पप्पा,' आणि काय सांगू, लक्ष नसताना पठ्ठ्यानं माझ्या दुप्पट आकडे पाडले. तिसरा दिवा. सूनबाई. ती बटनं अशी टकाटका दाबणार, कीबोर्डवाणी. 'पप्पा, हे लॉजिकली सोपं आहे.' हाय बाई, तुला सोपं हाय. मग चौथा दिवा लागला.

आता चौथा कोणाचा, हे सांगायला पाहिजे का? मी बटनावर हात ठेवला. मग आवाज आला, म्हणजे मीच काढला, पण तिचाच, 'मला नाय बाई जमायचं तुमचं असलं काय... आणि पोरानं खाल्लं का काय?' असं म्हणत म्हणत एकच बटन दाबती, दुसरं बटन हाय हे तिला माहीतच नाय. आणि गोळी पडंना. पडतच नाय हो. वर जाती, खाली येती, ही बोलत बोलत एक बटन दाबती, ती पुन्हा वर. मी म्हणलं, अगं बघ तरी, किती झाले. 'मला काय करायचेत आकडे?' लई आठवण आली. लई म्हणजे लई.

तेव्हापासनं रोज संध्याकाळी डाव असतो. आता तुम्ही म्हणाल, बद्रीनाथराव, तीस वर्षं मेंटेनन्स केलं, दोन पत्र्या चिकटल्यात, दोन मिनटाचं काम, सोडवत का नाय? येतं की मला. चार वेळा पेचकस घेऊन मागचं झाकण उघडलं. पत्र्या बघितल्या, फुंकर मारली, आणि झाकण लावून टाकलं. परवा प्रणय फोनवर म्हणला, 'पप्पा, एकटे कंटाळत असाल ना?' म्हणलं कंटाळायला सवड कुठाय, एकेकाच्या पाच पाळ्या, चौघांच्या वीस, सगळ्यांचं मलाच बघावं लागतं. तो घाईनं म्हणला, 'पप्पा, बरे हायेत ना तुम्ही?' बहुतेक डॉक्टरला दाखवायचा विचार करायला असंल.

आणि तुम्हाला सांगतो, इमानदारीत खेळतो मी. कोणाला झुकतं माप नाय, स्वतःच्या पाळीला तर जीव तोडून खेळतो, कंबर दुखेपर्यंत... तरी एक दिवस असा नाय की मी कोणाच्या पुढं गेलो. पण तक्रार नाय आपली. भरल्या घरात बापाचा नंबर शेवटचाच असतो.