वायरीला सुताराचा हात

डेरिक : करवत? माझ्या पेटीला करवत लावणार म्हणतेस, आणि तेही माझाच चहा पिता पिता?

सदफ : मिस्टर सग्डन, मी 'लागलीच तर' म्हणाले. बाकी सगळ्या थॉर्नबेक स्पीकरना मागे स्क्रू असतात. तुमच्याच जोडीला नाहीत.

डेरिक : नसणारच. कारखाना बंद झाला त्या दिवशीची शेवटची जोडी आहे ही. मागची फळी मी सरस लावून बसवली. पुन्हा उघडायचीच नव्हती.

जॅनेट : बाबा, ती पोर ब्रॅडफर्डहून दोन बस बदलून आलीय. जरा गोड बोला. आणि सदफ, मला विचारशील तर आजच घेऊन जा. एवढ्याशा खोलीत ही दोन धुडं! सहा वर्षांत बाबांनी धड ऐकलेलं नाही. मी आपली दर रविवारी येऊन धूळ पुसते.

डेरिक : तुला कुणी विचारलं नाही.

जॅनेट : मला या घरात कधीच कुणी विचारत नाही. बिस्कीट घे गं.

सदफ : थँक्यू. मिस्टर सग्डन, तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं? कंपनीने थॉर्नबेकचं नाव विकत घेतलं. जुने नकाशे मिळाले. लाकूड तेच, कागदाचे पडदे तसेच, माप केसाइतकंही चुकलेलं नाही. पण आवाज तसा येत नाही. जुन्या जोड्या शोधून आणल्या, तर प्रत्येकीत कुणी ना कुणी हात घातलेला. हात न लागलेली ही एकच उरलीय.

डेरिक : चाळीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. आमच्या लाकूडघरात आता व्यायामशाळा आहे, माहितीय? जिथं माझा रंधा चालायचा, तिथं लोक फी भरून जागच्या जागी पळतात. आणि आता म्हणे जुनं ते सोनं! आम्ही मरायला टेकल्यावर सुचलं होय रे तुम्हाला?

सदफ : मला सुचलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आमच्या आजोबांकडे थॉर्नबेक होते, जुन्या बाजारातून आणलेले. गिरणीतून आले की ते कव्वाली लावायचे आणि कुणालाही बोलू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर चुलत्यांनी स्पीकर भंगारात दिले. मी कंपनीत आले ती त्यासाठी.

डेरिक : कव्वाली? आमच्या पेटीवर?

सदफ : भिंती हलायच्या.

डेरिक : हलणारच. पाऊण इंची लाकूड आहे ते... तरीपण नाही. आत मॉरीनची गाठ आहे.

सदफ : त्याबद्दल मी वाचलंय. प्रत्येक बाईच्या रंगाची.

डेरिक : काय वाचलंस? अगं, वायरघरातल्या सगळ्या बाया लोकरीच्या गिरणीतून आलेल्या. वायर जोडून झाली की आत आपापल्या लोकरीची गाठ मारायच्या. पेटी बिघडून परत आली की गाठ बघायची, काम कुणाचं ते कळायचं. माझी मॉरीन हिरवी. सव्वीस वर्षांत हिरव्या गाठीची एक पेटी परत आली नाही. एकसुद्धा नाही!

सदफ : खरं सांगते, उगाच लपवत नाही. आमच्या साहेबांना ती हिरवी गाठ नव्या खोक्यांवर छापायची आहे.

डेरिक : ऐकलंस, जॅनेट? तुझी आई खोक्यावर!

जॅनेट : आईला हसू आलं असतं.

डेरिक : तिला आलं असतं, मला नाही येत. चहा झाला असेल तर निघ पोरी. पाचची बस चुकेल.

सदफ : निघते. एकदा ऐकू का फक्त? पुन्हा नाही विचारणार.

डेरिक : ऐकायला आहे काय त्यात? मॉरीन गेली आणि त्यातला जीवच गेला.

जॅनेट : खरंच सांगतात गं. आई गेल्यावर बाबा या फ्लॅटवर आले, तेव्हापासून एकच घोशा, जीव गेला, जीव गेला. लीड्सला नेऊन कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान ठणठणीत. मग मी म्हटलं, दुःखच असेल. त्याला काय औषध? थांब, लावते.

(जॅनेट रेकॉर्ड लावते. चॅपलच्या गायकवृंदातून एक बाई एकटीच गाऊ लागते.)

सदफ : मिस्टर सग्डन, ही बाई कुठे उभी आहे?

डेरिक : कुठंच नाही! तेच तर सांगतोय मघापासून. मॉरीन जोडीच्या समोर मधोमध बसायची, डोळे मिटायची आणि बोट करायची. तिथं. बघितलं की वाटायचं, आहेच उभी बाई तिथं. आता नुसतं धुकं. सगळीकडं आहे आणि कुठंच नाही.

सदफ : आणि खालचा आवाज पातळ झालाय. एका बाजूची वायर उलटी जोडलीय, दोन पेट्या एकमेकींचा आवाज खोडतायत.

डेरिक : तोंड सांभाळून बोल! मॉरीननं जोडलेली वायर उलटी?

सदफ : आतली नाही, मागून अँप्लिफायरला जाते ती. ही बघा, एका कडेला बारीक रेघ असलेली. डावीकडे बरोबर आहे, उजवीकडे उलटी. या घरात कुणी जोडली?

जॅनेट : माझ्याकडे बघू नका. सामान आणलं तेव्हा मी फक्त उचलायला होते... बाबा?

डेरिक : काय बाबा?

जॅनेट : तुम्ही जोडली?

डेरिक : मग कोण जोडणार? भूत? ...आयुष्यात एकदाच वायरीला हात लावला मी. आमच्यात तसं होतं, पोरी. लाकूडघरातल्या गड्यानं वायरीला शिवायचं नाही, वायरघरातल्या बाईनं रंध्याला. एकदा एकानं शिवलं, तर दोन दिवस काम बंद होतं. घरीही तेच. फळ्या मी ठोकायच्या, बल्ब तिनं बदलायचे.

जॅनेट : काखेत कळसा आणि गावाला वळसा! लीड्सपर्यंत नेलं मी तुम्हाला. कुणाला तरी विचारायचं होतं ना!

डेरिक : कुणाला विचारू? जिला विचारायचं तीच गेली होती.

जॅनेट : ...बरं. बरं बाबा.

सदफ : फिरवू का मी? दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही नको म्हणालात तर तशीच ठेवते.

डेरिक : फिरव.

सदफ : झालं. मिसेस सग्डन बसायच्या तिथे बसा. जॅनेट, तेच लावा पुन्हा.

जॅनेट : लावलं. बाबा, ऐकू येतं—

डेरिक : गप!

जॅनेट : अगं बाई. अगं, ती बघ ना. खिडकीपाशी.

डेरिक : कुंडीच्या जरा डावीकडं. आली. उभी राहिली.

सदफ : मिस्टर सग्डन, पाणी देऊ?

डेरिक : सहा वर्षं. मला वाटायचं, माणूस गेलं की घर असंच ऐकू येतं. ज्याचं त्याचं असंच होत असेल म्हणून गप्प बसलो. आणि माझ्याच हाताची चूक! वरून मॉरीन हसत असेल. सुताराला वायर द्यायची नाही, म्हणत असेल.

जॅनेट : म्हणतच असणार. मोठ्यानं.

सदफ : मी येते मग. पाचची बस मिळेल अजून. पेट्यांचं काही नाही, त्या इथेच बऱ्या आहेत. साहेबांना सांगते तसं.

डेरिक : बस खाली. तुझ्या आजोबांचे स्पीकर भंगारात गेले म्हणालीस ना?

सदफ : हो.

डेरिक : पुढच्या शनिवारी ये. करवत आणू नकोस. सरस मी लावलाय, मीच गरम पाण्यानं सोडवीन. हात कापतात, पण पटाशी अजून ऐकते माझं. काय मोजायचं ते माझ्यासमोर मोज, मग मीच बंद करीन. पेट्या या खोलीबाहेर जाणार नाहीत.

सदफ : चालेल. पळेल! मोजायची यंत्रं मी इथे घेऊन येते.

डेरिक : आणि साहेबाला सांग, हिरवी गाठ छापायची नाही. जी बाई वायर जोडेल तिनं आपल्या रंगाची मारावी. काम ज्याचं, गाठ त्याची. जॅनेट, तुझ्या आईची लोकरीची टोपली काढ.

जॅनेट : आत्ता? कशाला?

डेरिक : वायर कुणी जोडली आत्ता? मग गाठ नको?

सदफ : मी? मिस्टर सग्डन, मी इंजिनिअर आहे, मला कुठला रंग...

डेरिक : कुठलाही घे, पोरी. हिरवा तेवढा सोडून.