खरं ऐकवणारे हेडफोन

दुकानदार: ...नाही, नाही, मॅडम, ते ठेवा. मागून उघडे आहेत ते. ऐकायला छान, पण आवाज बाहेर सांडतो. तुम्ही गात असताना कानातला ठेका माइकमध्ये शिरेल.

ताई: म्हणजे माझ्या गाण्यात कुणीतरी शेंगा फोडत बसल्यासारखं.

दुकानदार: अगदी तसंच! तुम्हाला बंद हवेत. घरी खोली कशी आहे?

भाऊ: झोपायची खोली आहे. खिडकीला गाद्या उभ्या केल्यात, कपाटाची दारं उघडी ठेवून त्यावर रजया टाकल्यात. माइक आणलाय, स्टँड आणलाय. हेडफोन तेवढे राहिलेत.

ताई: आणि मी जमिनीवर झोपते. गादी गाणं ऐकायला गेलीय.

दुकानदार: हे बघा, घाई नसेल तर पुढच्या आठवड्यात नवा माल येतोय. तेव्हा आणखी चांगले दाखवतो.

भाऊ: पुढचा आठवडा नाही चालणार.

दुकानदार: कार्यक्रम आहे का?

ताई: गुरुवारी ऑपरेशन आहे. गळ्याचं.

दुकानदार: अरेरे. होईल हो सगळं व्यवस्थित. हल्ली डॉक्टर लोक...

ताई: व्यवस्थित होईल म्हणतात. फक्त स्वरयंत्र काढून टाकणार आहेत.

(दुकानदार हातातलं खोकं खाली ठेवतो.)

ताई: तुम्ही कशाला चेहरा पाडताय? दाखवा ना. हे काळे कसे आहेत?

दुकानदार: हे... हे घ्या. बंद आहेत. कानावर बसवा. समोरच्या माइकमध्ये गा काहीही, तुमचंच तुम्हाला ऐकू येईल.

ताई: काय गाऊ रे, छोट्या?

भाऊ: ती चाल गा. गेल्या हिवाळ्यात बांधलीस ती.

(ती एक ओळ गाते. दुकानदार मान खाली घालून मशीनचं बटण फिरवत राहतो.)

ताई: अगं बाई! मी उगाच घाबरत होते. बरं वाटतंय की! जरासा घोगरा आहे, पण भरलेला आहे आवाज. हेच घेऊ या.

भाऊ: थांब. दादा, हे गाणी ऐकण्याचे आहेत ना? खर्ज वाढवून दाखवणारे?

दुकानदार: हो, हे जरा... गोड करून ऐकवतात.

भाऊ: आम्हाला रेकॉर्डिंगचे हवेत. आहे तसं ऐकवणारे.

दुकानदार: आहेत. पण साहेब, मॅडमना हे आवडलेत, तर...

भाऊ: ते दाखवा. ताई, हे घाल. तीच ओळ.

ताई: तू म्हणजे ना, चपला घेतानासुद्धा दुकानभर चालायला लावायचास. आण.

(ती पुन्हा गाते आणि अर्ध्यावर थांबते.)

भाऊ: काय झालं?

ताई: हा असा आहे?

भाऊ: माइक अजून नीट लावायचाय, खोलीतही फरक...

ताई: माइकचं नाही विचारत. माझा आवाज असा आहे? कधीपासून?

भाऊ: आपलाच आवाज आपल्याला वेगळा वाटतो, ताई. डोक्यातून ऐकू येतो ना.

ताई: तुला ऐकू येत होतं?

(भाऊ काळ्या हेडफोनची वायर गुंडाळू लागतो.)

ताई: छोट्या, मी काय विचारतेय?

भाऊ: सगळ्यांनाच येत होतं.

ताई: म्हणजे माझ्या गाण्याच्या क्लासमधल्या त्या तिघी... परीक्षा आहे म्हणून सोडून गेल्या ना?

भाऊ: काय फरक पडतो आता?

ताई: मी पेढे दिले त्यांना, परीक्षेसाठी. आणि त्या बिचाऱ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. दादा, ते आधीचेच बांधा.

भाऊ: त्यात खोटं ऐकू येतं, ताई.

ताई: मग खोटंच हवंय. खरं ऐकत मला तोंड उघडवणार नाही.

दुकानदार: मॅडम, एक सांगू का? रेकॉर्ड जे व्हायचं ते तेच होतं. हेडफोन कुठलेही घाला.

ताई: ते हा ऐकेल. मी कशाला ऐकायला बसतेय?

भाऊ: चालेल. मी ऐकेन. तू कुठलेही घाल, पण गा. इतक्या चाली बांधल्यास, एकही कागदावर नाही, एकही कुणाला शिकवली नाहीस. दर वर्षी विचारलं की म्हणायचीस, अजून आवाज पिकायचाय.

ताई: पिकला की. सडेपर्यंत पिकला.

भाऊ: असं नको ना बोलू. अंतरा म्हणून बघ. गोड वाले घालून.

ताई: आण.

(ती अंतरा उचलते. वरच्या सुरापाशी नुसती हवा येते, मग खोकला. दुकानदार पाण्याची बाटली उघडून देतो.)

भाऊ: घोट घे. हळू. पट्टी खाली घेऊ आपण. मी पेटीवर सगळं उतरवून वाजवतो.

ताई: खाली घेऊन पाहिलंय घरी. तू कामावर गेलास की. खाली आवाज नाहीच रे. वारा आहे.

भाऊ: मग नुसतं गुणगुण. चाल कळली तरी पुरे. उद्याचा पूर्ण दिवस आहे, परवा आहे...

ताई: डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना? ताणला तर आत्ताच बसेल. बोलताही येणार नाही.

भाऊ: शक्यता आहे म्हणाल्या. नक्की नाही म्हणाल्या.

ताई: आईला आपण गाठ काढणार एवढंच सांगितलंय.

भाऊ: मी सांगेन तिला. नंतर.

ताई: तू सांगशील आणि मी शेजारी मुकी बसून बघू? तिला मी सांगणार. माझ्या तोंडाने. आणि ती एकदा ऐकून गप्प बसणारी नाही, दहादा विचारेल, रडेल, भांडेल माझ्याशी. त्या सगळ्याला आवाज लागेल. तेवढाच उरलाय, छोट्या.

भाऊ: आणि चाली?

ताई: चल घरी.

भाऊ: ताई, एक तरी. एकच.

ताई: खिडकीच्या गाद्या काढ आज. आईला मी माझ्या शेजारी झोपवणार आहे. दादा, माफ करा हं, उगाच सगळी खोकी उघडायला लावली.

दुकानदार: त्यात काय, मॅडम. ...मघाशी गायलात ते मशीनमध्ये राहिलंय. आपोआप होतं रेकॉर्ड. देऊ का काढून?

भाऊ: द्या.

ताई: पुसा ते.

भाऊ: ताई!

ताई: पुसा हो. तो माझा आवाज नाही.

दुकानदार: ...पुसलं. तुमचीच चाल होती ना ती, मॅडम? कुठे ऐकल्यासारखी वाटली नाही.

ताई: ह्याच्याशिवाय कुणीच ऐकली नाही ती.